काळासारखं औषध

मामेभावाच्या वर्षश्राद्धाला मिरजेला गेलो होतो. दुपारची पंगत उठली होती, गुरुजी गेले होते, आणि स्वयंपाकघरात वड्यांच्या तळणीचा आणि आमसुलाच्या चटणीचा वास अजून रेंगाळत होता. मुलाने बापाचं करायचं ते बापाने मुलाचं केलं होतं. मामा बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते, बोटातलं दर्भाचं पवित्रक काढायचं विसरून. मामी ओट्यापाशी उभ्याउभ्या चहा पीत होती. कपातून नाही, स्टीलच्या पेल्यातून. पेल्यावर ठिपक्याठिपक्यांनी त्याचं नाव कोरलेलं, खाली मुंजीची तारीख. चटका बसू नये म्हणून तिने तो पदराने धरला होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी बोललो, "मामी, काळासारखं औषध नाही बघ." ती रागावली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, "औषध कुणाला पाहिजे? मला बरं व्हायचंच नाही." मग पेला विसळला, कोरडा पुसला आणि मांडणीत न ठेवता फडताळात एकटा पालथा घातला.

परतीच्या एसटीत कराड येईपर्यंत मी तेच एक वाक्य चघळत होतो. तिचं नव्हे, माझं. असली वाक्यं आपल्याकडे कोनाड्यातल्या काडेपेटीसारखी हाताशी असतात. गेलेलं माणूस परत येत नाही. देवापुढे कुणाचं चाललंय. मागे राहिलेल्यांकडे बघायला हवं. अंधारात हात घातला की काडेपेटी सापडते, पेटवून बघायचे कष्ट आपण घेत नाही. आणि मी तर शब्दांवरच पोट भरणारा माणूस. पुण्यात जपानी शिकलो, वीस वर्षं चाकणच्या कारखान्यांसाठी यंत्रांच्या पुस्तिका मराठीत आणतोय. "झाकण उघडण्यापूर्वी यंत्र पूर्ण थंड होऊ द्यावे" या एका वाक्यावर मी कधी पाऊण तास घालवलाय. मामीसमोर मात्र पहिलं हाताला लागलं ते वाक्य टाकून मोकळा झालो.

निशिदा कितारो हे नाव मला तेव्हा फक्त नावापुरतं ठाऊक होतं. आमच्या वर्गावर येणाऱ्या एका सेन्सेई म्हणायच्या, "आधुनिक जपानचा पहिला खरा तत्त्वज्ञ. पण त्याच्या नादी लागू नका, तो जपानीत लिहितो आणि जपानी लोकांनाही कळत नाही." मी आज्ञाधारक विद्यार्थी, नादी लागलो नाही. त्या वर्षश्राद्धानंतर तीनेक महिन्यांनी, कामाच्या मधल्या रिकाम्या दुपारी, आओझोरा बुन्को या फुकट जपानी ग्रंथांच्या संकेतस्थळावर उगाच भटकत असताना त्याचा एक छोटा लेख समोर आला. १९०७ सालचा. लेख म्हणजे मित्राच्या पुस्तकाला जोडलेली प्रस्तावना आहे. मित्राचं नाव फुजिओका साकुतारो, पुस्तक जपानी साहित्याच्या इतिहासावरच्या व्याख्यानांचं. साहित्याचा इतिहास राहतो बाजूला, आणि पाच-सहा ओळींत प्रस्तावना दोन मेलेल्या मुलींवर येऊन थांबते.

हकीकत अशी. फुजिओका आणि निशिदा शाळेपासूनचे दोस्त. फुजिओकाला मित्सुको नावाची गोड, चुणचुणीत मुलगी होती. १९०६च्या उन्हाळ्यात ती अचानक गेली. निशिदाने मित्राचं जमेल तेवढं सांत्वन केलं. त्याचा स्वतःचा एकुलता धाकटा भाऊ दोनच वर्षांपूर्वी रशियाविरुद्धच्या पोर्ट आर्थरच्या लढाईत पडला होता, अस्थीसुद्धा हाती आल्या नव्हत्या; तेव्हा आपल्याला दुःख कळतं असं त्याला वाटत असणार. पुढच्याच जानेवारीत निशिदाची दुसरी मुलगी युको गेली. जुन्या जपानी मोजणीने सहा वर्षांची. त्या मोजणीत मूल जन्मतःच एक वर्षाचं धरत आणि दर नव्या वर्षाला एकेक भर घालत, म्हणजे आपल्या हिशोबाने त्याहून एक-दोन वर्षांनी लहान. मागच्या साली सांत्वन करणारा या साली सांत्वन करून घेणारा झाला.

त्या वसंतात काही कामाने निशिदाला तोक्योला जावं लागलं. दहा-बारा वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं त्या शहरात. उतरला तो फुजिओकाच्याच घरी. पत्रांतून दोघांनी एकमेकांना भरभरून लिहिलं होतं, पण समोरासमोर आल्यावर औपचारिक दोन शब्दांपलीकडे काही फुटेना. सात दिवस तो तिथे राहिला. गप्पा संपत नव्हत्या, आणि सात दिवसांत मुलींचा विषय एकदाही निघाला नाही. निघायच्या सकाळी फुजिओकाने पेटीच्या तळातून कागदांची एक चळत काढून त्याच्यापुढे ठेवली. मित्सुकोच्या शेवटच्या दिवसांची नोंद. हे पुस्तक तिची आठवण म्हणून काढतोय, तूही काहीतरी लिही, एवढं म्हणाला.

सात दिवस. मी हे वाचलं आणि खुर्चीवरून उठून खिडकीत जाऊन उभा राहिलो.

आपल्याकडच्या एखाद्या घरात दोन बाप्यांनी असं केलं असतं तर बायका म्हणाल्या असत्या, काय मेले दगड आहेत. निशिदा म्हणतो, आम्ही विसरलो होतो म्हणून बोललो नाही असं नाही, आणि जखमेवरची खपली निघेल या भीतीनेही नाही. जे खरं आहे ते शब्दांत मावत नाही, आणि शब्दांत मावतं ते उथळ असतं. यावर माझ्यातला भाषांतरकार थोडा दुखावला, हे कबूल करतो. पण पुढे तो जे लिहितो त्याने मला मिरजेच्या ओट्यापाशी परत नेऊन उभं केलं. मरण सगळ्यांनाच आहे, आपलंच मूल गेलेलं नाही, तेव्हा तर्काने बघितलं तर दुःखाचं कारणच नाही. हे सगळं त्याला मान्य आहे. पण भूक-तहान निसर्गाने लावलेली आहे म्हणून भूक काही कमी लागत नाही. लोक म्हणतात, गेलेला परत येत नाही, सोडून द्या, विसरा; आईबापांना तेच सहन होत नाही. काळ सगळ्या जखमा भरून काढतो ही निसर्गाची कृपा खरी, पण दुसऱ्या बाजूने बघितलं तर तो माणसाचा निष्ठुरपणा आहे. आणि मग ते वाक्य: ही वेदना वेदनाच आहे, पण ती जावी असं आईबापांना वाटत नाही.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, कानाझावात, जर्मन आणि नीतिशास्त्र शिकवणाऱ्या सदतिशीच्या एका मास्तराने लिहिलेलं हे. मामीला जपानी येत नाही. तिने सातवीपर्यंतचं मराठी आणि नंतर घरात येणारी मासिकं वाचली आहेत.

त्यानंतर मी त्याच्या नादी लागलोच. सेन्सेईंचं खरं होतं, त्याची वाक्यं भयंकर आहेत. एकच गोष्ट चार वेळा, दर वेळी थोडी सरकवून सांगतो, आणि चौथ्या वेळी पहिली खोडतो. त्याला जगप्रसिद्ध करणारं पहिलं पुस्तक १९११ सालचं, 'झेन नो केन्क्यू'. यातला 'झेन' म्हणजे ध्यानवाला झेन नव्हे. उच्चार तोच, लिहायचं चिन्ह वेगळं, अर्थ 'चांगलं', 'शिव'. चांगलं म्हणजे काय याचा शोध. गंमत म्हणजे ध्यानवाला झेनही त्याच्या अंगात भरपूर मुरलेला होता. पण पुस्तकात तो त्याचं नाव घेऊन मिरवत नाही, सुरुवात करतो अनुभवापासून. अनुभवणं म्हणजे वस्तुस्थिती जशी आहे तशी जाणणं, आपली पदरची भर न घालता. रंग दिसतो, आवाज ऐकू येतो, त्या क्षणी 'मी' आणि 'तो रंग' अशी फाळणी झालेली नसते. ती नंतर होते. याला तो शुद्ध अनुभव म्हणतो. उदाहरणं देतो ती कड्यावर जिवाच्या आकांताने चढणाऱ्या माणसाची आणि हात बसलेली धून वाजवणाऱ्या वादकाची. आणि प्रस्तावनेत म्हणतो की माणूस आहे म्हणून अनुभव आहे असं नसून अनुभव आहे म्हणून माणूस आहे.

हे वाचताना मला कडा आठवला नाही. पहाटे पावणेसहाचा फोन आठवला. मी गाढ झोपेत, आणि खोलीत नुसतं वाजणं होतं. 'मला फोन ऐकू येतोय' हे फार नंतरचं, पाय चपलेत गेल्यावरचं. मग मामांचा आवाज आला, "गेला रे." या दोन शब्दांच्या आणि ते कळण्याच्या मध्ये एक फट होती, तिच्यात मी नव्हतो, मामा नव्हते, गेलेला तोही नव्हता. स्वयंपाकघरातल्या नळाचं टपटपणं तेवढं होतं. मग ती फट मिटली आणि मी विचारलं, "कधी?" हा प्रश्न किती फालतू होता ते मला विचारतानाच कळत होतं. निशिदा या फटीकडे आयुष्यभर तोंड करून बसलेला माणूस आहे असं मला वाटतं. अभ्यासकांना हे वर्णन चालणार नाही, माझ्यापुरतं चालतं.

त्याचा जन्म १८७० चा, जपानी समुद्राच्या काठी, आजच्या इशिकावा प्रांतातल्या उनोके भागातल्या मोरी गावचा. चौदाव्या वर्षी थोरली बहीण गेली तेव्हा कुणी नसेल अशा जागी जाऊन तो पोटभर रडला, आणि तिच्याऐवजी आपण मेलो असतो तर बरं असं त्याला वाटलं. हेही त्या १९०७च्या लेखातच आहे. कानाझावाच्या उच्च विद्यालयात व्यवस्थेशी पटेना म्हणून शिक्षण अर्धवट सोडलं, आणि त्याचा फटका पुढे तोक्यो विद्यापीठात बसला: पूर्ण विद्यार्थी म्हणून प्रवेश नाही, 'निवडक विषयांचा' दुय्यम विद्यार्थी म्हणून. अशा मुलांना ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बसायची मुभा नव्हती. व्हरांड्यात टेबलं मांडलेली असत, तिथे बसून वाचायचं. सत्तरी उलटल्यावर त्याने हे लिहिलंय, आणि पन्नास वर्षांपूर्वीचा तो व्हरांडा अजून गार असल्यासारखं लिहिलंय. हा माणूस विसरण्यातला नव्हताच.

मग दहा वर्षं झेन. कानाझावात सेत्सुमोन रोशींकडे, सुट्ट्यांत क्योतोच्या मठांत. रोजनिशीत नोंदी: सकाळी बसलो, दुपारी बसलो, रात्री बसलो, मन लागत नाही, पुस्तकांचा मोह सुटत नाही. गुरूने दिलेलं कोडं झेनमधलं फार नावाजलेलं. एका भिक्षूने जोशू या जुन्या झेन गुरूला विचारलं, कुत्र्यात बुद्धत्व असतं का? जोशू म्हणाला, "मु." मु म्हणजे नाही. म्हणजे अभाव. म्हणजे शून्यही. आणि गुरू म्हणतात, यातलं काहीही नाही, ते मु काय आहे ते दाखव. मराठीत आणायला बसलो तर 'नाही' फार हट्टी वाटतं, 'शून्य' फार पोथीतलं. 'छे' मला सगळ्यांत जवळचं वाटतं, पण छापलं तर लोक हसतील. ऑगस्ट १९०३ मध्ये, क्योतोच्या दाइतोकुजी मठात, रात्रीच्या एकान्त भेटीत गुरूने त्याचं मु मान्य केलं. सहा-सात वर्षं ज्यासाठी मांडी घातली ते झालं. त्या रात्रीच्या नोंदीत तो लिहितो की मु सुटलं, पण मला फारसा आनंद झाला नाही.

या एका ओळीसाठी मला तो आवडतो.

बाकी चरित्रं वाचा, साक्षात्काराच्या रात्री फुलं पडतात, प्रकाश पडतो. हा माणूस पेढे वाटत नाही. आणि पुढच्या चार वर्षांत भाऊ, मुलगी, आणि त्याच १९०७ सालात जन्मलेल्या जुळ्यांपैकी एक तान्ही, असं एकेक घरातून जात राहतं. मु सुटलेल्या माणसाने खरं तर खांदे उडवायला हवेत. त्याने मात्र लिहिलं की भूक ती भूक. आत काहीतरी मोकळं झालेलं होतं असणारच, नाहीतर इतकं सरळ लिहिता येत नाही. पण ते मोकळेपण त्याने दुःखाची वाट अडवायला वापरलं नाही.

१९१०ला तो क्योतो विद्यापीठात गेला आणि १९२८ला निवृत्त होईपर्यंत तिथे राहिला. निवृत्तीच्या वेळचं त्याचं छोटं भाषण जपानमध्ये प्रसिद्ध आहे: माझं आयुष्य अगदी साधं, पहिलं अर्धं फळ्याकडे तोंड करून बसलो, उरलेलं अर्धं फळ्याकडे पाठ करून उभा राहिलो; फळ्यासमोर एक वळण घेतलं की माझं चरित्र संपलं. मास्तरकी केलेल्या कुणालाही हे ऐकून गुदगुल्या होतात. पण तारखा शेजारी मांडून बघा. १९१९ मध्ये बायको कोतोमी मेंदूतल्या रक्तस्रावाने कोसळली आणि जाईपर्यंत अंथरुणावरच राहिली, म्हणजे जानेवारी १९२५ पर्यंत. १९२०ला थोरला मुलगा केन गेला, ऐन तेवीसाव्या वर्षी. १९२२ मध्ये मुली आजारी पडल्या, एकीनंतर एक. त्या काळातल्या एका पाच ओळींच्या कवितेत तो म्हणतो की बायको आजारी, मुलंही आजारी, माझ्या घरी काय ते उन्हाळी गवत तेवढं माजलंय. हे सगळं झाल्यावर तीन वर्षांनी तो फळ्याचा विनोद करतो. आणि लोक विनोदापाशीच थांबतात, पुढचं वाक्य सोडून देतात: पण उद्या शेगडीत जाणाऱ्या गवताच्या काडीलाही तिची हकीकत असते, तिच्या आठवणी असतात. काडी त्या उन्हाळी गवताचीच असेल असं मला उगाच वाटत राहतं.

आणि इथे थोडं भांडतो. कोतोमीने आठ मुलांना जन्म दिला. युको गेली तेव्हा तीही त्याच घरात होती, आणि त्याच सालच्या जूनपर्यंत दुसरी तान्ही गेली तेव्हाही. निशिदा तोक्योला मित्राकडे सात दिवस काही न बोलता राहिला आणि आल्यावर त्याने तो लेख लिहिला. आईबापांचं दुःख म्हणून आज आपण जे वाचतो ते बापाचं आहे. आईने ते सात दिवस भात शिजवला, बाकीच्या पोरांना खाऊ घातलं. सत्य शब्दांत मावत नाही हे ज्याला लिहून सांगता येतं तो एक, आणि जिला ते लिहायला कागदच मिळत नाही ती दुसरी. निशिदा वाईट होता असं नाही म्हणायचं मला. ओट्यापाशी उभं राहून बोललेलं वाक्य कुठल्याच प्रस्तावनेत जात नाही, एवढंच.

१९२६ मध्ये त्याने 'बाशो' नावाचा निबंध लिहिला, तिथून त्याचं स्वतःचं तत्त्वज्ञान सुरू झालं असं धरतात. बाशो म्हणजे जागा. पुस्तिकांमध्ये हा शब्द माझ्या रोजच्या जेवणातला: यंत्र बसवण्याची जागा, तेलाचे डबे ठेवण्याची जागा. निशिदा म्हणतो, जे काही आहे ते कशात तरी आहे. लाल फूल रंगांच्या जगात आहे, रंग जाणिवेत आहेत, जाणीव कशात आहे? तिच्याही मागे जी जागा आहे ती कुठली वस्तू नाही, तिला 'आहे'सुद्धा म्हणता येत नाही, आणि म्हणूनच तिच्यात सगळं मावतं. तिला तो निखळ मु म्हणतो. हे मी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा थोडंथोडं हातातून निसटलं. पण 'जागा' हा शब्द राहिला. आपण म्हणतो ना, गर्दीच्या गाडीत सरकून जागा करून देणं. एकेका चहानंतर फडताळात एकटा पालथा पेला. १९२३ सालची त्याची कविता आहे, माझ्या मनाला एक खोल तळ आहे, आनंदाच्या वा दुःखाच्या लाटा तिथवर पोचणार नाहीत असं वाटतं. लोक ती स्थितप्रज्ञाची म्हणून उद्धृत करतात. भाषांतरकाराची नजर शेवटच्या शब्दावर जाते. 'तो ओमोउ', असं वाटतं. सगळा तळ त्या 'वाटतं'वर उभा आहे.

पुढे कधीतरी त्याने लिहिलं की तत्त्वज्ञान आश्चर्यातून सुरू होतं असं ग्रीक म्हणत आले, पण त्याची सुरुवात जगण्यातल्या खोल दुःखातूनच व्हायला हवी. मला वाटतं ही सुरुवात जानेवारी १९०७ची आहे, कागदावर यायला पंचवीस वर्षं लागली.

त्याच्या उतारवयातल्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळाबद्दल मला सहज बोलता येत नाही. सरकारसाठी, दबावाखाली का होईना, त्याने १९४३ मध्ये जगाच्या नव्या मांडणीवर टिपण लिहून दिलं. त्याच्या बाजूचे म्हणतात की लष्कराच्या शब्दांना आतून वेगळा अर्थ द्यायचा तो प्रयत्न होता. असेल. पण शब्द असे उसने घेतले की परत करताना ते आपल्यालाच चिकटतात, हे शब्दांचा धंदा करणाऱ्याला कळतं. त्याच्याकडे शिकलेले दोघे, मिकी कियोशी आणि तोसाका जुन, १९४५ मध्ये तुरुंगात मेले. तोसाका जपानच्या शरणागतीच्या सहा दिवस आधी, मिकी शरणागतीनंतर महिना उलटून गेल्यावरही आतच. निशिदा स्वतः त्याआधीच, ७ जूनला, कामाकुरात गेला. फेब्रुवारीत थोरली मुलगी यायोइ गेली होती. आठांतली पाच मुलं त्याच्या डोळ्यांदेखत गेली. मधल्या महिन्यांत, बॉम्बवर्षावात, त्याने धर्मावरचा शेवटचा मोठा निबंध पुरा केला. शाळेपासूनचा दुसरा दोस्त, जगाला झेन शिकवणारा सुझुकी दाइसेत्सु, बातमी कळल्यावर ढसाढसा रडला. त्याला कुणी 'काळासारखं औषध नाही' म्हटलं नसावं अशी आशा.

मागच्या जूनमध्ये ओसाकाला एका कारखान्यात दुभाषाचं काम निघालं. रविवार मोकळा होता, क्योतोला गेलो. गिन्काकुजी मंदिरापासून दक्षिणेला कालव्याच्या काठाने जाणारी दोनेक किलोमीटरची वाट आहे, तिला तत्त्वज्ञानाची वाट म्हणतात, कारण निशिदा आणि त्याच्या बरोबरीचे विद्यापीठातले लोक तिथे फिरत. चेरीच्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते. जूनमध्ये चिकचिकाट, पावसाची भुरभुर, निळी अजिसाईची फुलं आणि एका भिंतीवर ओली मांजर. पाय पडतात ते मधले दगड जुन्या ट्रामच्या रुळांमधून उचलून आणलेले आहेत. कालवा बिवा तळ्यातून आणलेला; शहरातल्या नद्या दक्षिणेला जातात आणि हे पाणी उलटं उत्तरेला. वाटेत एका शिळेवर त्याच्या अक्षरांतून कविता कोरली आहे. लोक ते लोक, मी तो मी, काही असो, माझी वाट मी चालतो. तिथे एक मुलगा मुलीला मोबाइलवर त्याचा अर्थ वाचून दाखवत होता आणि दोघंही "सुगोइ", म्हणजे 'भारीच', म्हणून पुढे गेले. मला ती कविता तशी किरकोळ वाटते, दिनदर्शिकेवर छापायच्या लायकीची. शिळेपाशी मी फार थांबलो नाही. पाण्याकडे बघत बसलो. एक गवताची काडी उलट्या दिशेने वाहत गेली. प्रवाहासाठी ती सुलटच होती.

दिवाळीत मिरजेला गेलो. मामी अनारशांचं पीठ मळत होती, यंदा दोन वर्षांनी पहिल्यांदा. मी पाटावर बसून तिला सांगितलं की एक जपानी मास्तर होता, त्याची मुलगी गेली आणि त्यानेही लिहिलं की हे दुखणं जावं असं आईबापांना वाटत नाही. सात दिवसांची गोष्टही सांगितली. मु वगैरे काही काढलं नाही. मामी ऐकत होती, हात चालू होते. बराच वेळ काही बोलली नाही, मला वाटलं लक्ष नाही.

"नाव काय होतं तिचं?"

"युको."

"केवढी?"

"त्यांच्या हिशोबाने सहा. आपल्यात चार-पाच."

"म्हणजे बोलत असेल चांगली."

"बोलायची. त्याने लिहिलंय तसं. आत्तापर्यंत गोड बोलत होती, गात होती, खेळत होती, आणि बघता बघता बरणीतली पांढरी हाडं झाली, हे कसं काय, असं विचारतो तो."

मामीने खसखशीत एक अनारसा थापला, बोटांनी गोल सारखा केला, कढईत सोडला. तुपात जाळी पडायला लागली. झाऱ्याने वरून हलकेच तूप उडवत तिने विचारलं,

"काय गायची?"